शनिवारचा धूर

आमच्या टालिनच्या ब्रिटिश वकिलातीतले वेदरबीसाहेब तीन वर्षांत चार वेळा या देशाच्या तिरडीला खांदा द्यायला निघाले होते. सरकार पडलं की त्यांना अख्खं एस्टोनिया पडलेलं दिसायचं.

गुरुवारी पुन्हा सरकार पडलं. शेतकरी पक्षाचे पुढारी लेपमेट्स यांनी युतीतल्याच समाजवाद्यांचे पुढारी तोर्वांद यांना भर सभागृहात डुक्कर म्हटलं. शनिवारी दुपारी साहेबांनी टाइप करायला तार दिली : ‘देश टिकत नाही. वकिलात बंद करावी.’

मी तिथली दुभाषी. माझी नोकरी गेली असती, तिचं एक वेळ सोडा. पण जेमतेम दहा वर्षांचं आमचं राज्य, त्याला बाहेरच्यांनी जिवंतपणी मेलेलं ठरवायचं?

“साहेब, संध्याकाळपर्यंत थांबा.”

“तोवर सरकार आकाशातून पडणार का, सालमेबाई?”

“नाही, धुरातून निघेल. लेपमेट्स माझे शेजारी. बारा वर्षं दर शनिवारी तोर्वांद त्यांच्या परसातल्या न्हाणीघरात वाफ घ्यायला येतात. आज नाही आले, तर तार मीच टाकून येते.”

आम्ही टालिनजवळच्या नोम्मेला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहिलो. समोर न्हाणीघराचं धुराडं धुमसत होतं. चार वाजले. साडेचार झाले. साहेबांनी खिशातून तार काढली आणि माझाही धीर सुटायला लागला.

तेवढ्यात पाइनच्या झाडांमागून तोर्वांद आले. तोंड फुगलेलं, काखेत बर्चच्या डहाळ्यांची जुडी.

“हा मारायला निघालाय!” साहेब दचकले.

“मारणारच. पाठीवर, वाफेत अंग मोकळं व्हायला. मी नवऱ्याला दर आठवड्याला मारते.”

लेपमेट्स दारातून ओरडले, “डुकराला उशीर झाला!”

“चिखल तापलाय का, ते सांग आधी!”

दार लागलं. आमच्याकडे चर्चमध्ये भांडत नाहीत, तसं वाफेतही भांडत नाहीत. तासाभराने दोघं बिटासारखे लालबुंद होऊन, कमरेला पंचे गुंडाळून पायरीवर बिअर पीत बसले.

लेपमेट्सनी मला खिडकीत पाहिलं. “सालमे, तुझ्या साहेबाला सांग, सरकार झालं! शेतीखातं कुणाचं, ते कपडे घातल्यावर बघू!”

साहेबांनी इतका लांब श्वास सोडला की खिडकीची काच धुरकटली. तार त्यांनी माझ्या चुलीत घातली.

“नवी तार लिहू?” मी विचारलं.

“लिहा. आणि बाई… ती जुडी कुठे मिळते हो?”