चार चाकांना सील
तपासनीसांनी हवा मोजायचं यंत्र लेकीच्या सायकलीच्या मागच्या चाकाला पुन्हा एकदा लावलं. काटा बावीसवर थांबला. पुढच्या चाकात एकवीस. सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही चाकांत तीस-तीस भरली होती.

"हवा कुणीतरी सोडलीय," ते म्हणाले.

लेक आतल्या खोलीत पाय बादलीत बुडवून बसली होती. शर्यतीत तिचा गुडघा खरचटला होता, त्यावर आई कापूस फिरवत होती. दोघींपैकी कुणी मान वर केली नाही.

"अगं, मी काय म्हणतोय?"

"जाते बाबा थोडी हवा," लेक म्हणाली.

"थोडी? आणि दोन्ही चाकांतून सारखीच? चाकांनी काय आपसात ठरवलं होतं?"

तपासनीसांची अठ्ठावीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर तपासण्यात गेली होती. मीटर उलटा बसवणारे, काट्यात सुई खुपसणारे, वर लोहचुंबक ठेवणारे, शेजाऱ्याच्या नळाला चोरून नळी जोडून वर त्याच्याच नावाने तक्रार करणारे, सगळे नमुने पाहून झाले होते. दारात कुणी हसून "या साहेब" म्हटलं की ह्यांच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. नोकरीत ही सवय कामाची होती. पण ऑफिसची बॅग खुंटीला अडकवली तरी सवय काही खुंटीला राहत नसे. भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी ह्याचा काय डाव असेल, हा विचार घरापर्यंत सोबत येई.

आजचा गुन्हेगारही त्यांनी मनातल्या मनात पकडला होता. लाल हेल्मेटवाल्या मुलीची आई. बाई नर्स होती. सुट्टी टाकून मुलीबरोबर शर्यतीला यायची आणि सगळ्यांशी गोड बोलायची, तिथेच काहीतरी पाणी मुरत होतं. आज शर्यतीआधी नर्सबाई लेकीच्या सायकलीपाशी उकिडव्या बसून चाकावर अंगठा दाबत होत्या. तपासनीसांनी विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाल्या, "टायर," आणि हसल्या. शर्यतीत त्यांची मुलगी दुसरी आली आणि ह्यांची तिसरी. आता दोन अधिक दोन चार.

शर्यत होती सायक्लोक्रॉसची. घरापासून चालत दहा मिनिटांवर मोठं मैदान होतं, तिथे शनिवार-रविवार दोन दिवस. चिखल, उतार, वाळू आणि मध्येच आडव्या फळ्या. फळी आली की उतरायचं, सायकल खांद्यावर मारायची, उडी टाकायची, पुन्हा बसायचं. अशा सहा फेऱ्या. एका बाजूला दोरी लावून सायकल बदलायची जागा केलेली असे. तिथे घरचं माणूस दुसरी सायकल घेऊन उभं राही आणि चिखलाने जड झालेली पहिली धुऊन ठेवी. रविवारच्या शर्यतीतल्या पहिल्या दोघींना संघात घेणार होते. लेकीचं ह्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. उद्या नाही तर कधीच नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

जेवायच्या आधी तपासनीसांनी ऑफिसची बॅग उघडली. सायकली दोन, चाकं चार. चारींत पुन्हा तीस-तीस हवा भरली. प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोपणाला त्यांनी बारीक भोक पाडलं, त्यातून मीटरची तार ओवली, ती स्पोकला पक्की पिळली आणि वर शिशाची गोळी चिमट्याने दाबली. गोळीवर खात्याचा शिक्का उमटला. एवढी चार सीलं मारल्यावर त्यांना जेवण गोड लागलं.

रात्री पाऊस होऊन गेला. सकाळी मैदानाचा नुसता राडा झाला होता. तपासनीस पोहोचले ते थेट पंचांकडे गेले. "ह्या बाईंवर जरा लक्ष ठेवा, काल आमच्या चाकातली हवा गेलीय," असं त्यांनी सांगितलं. पंच भिडस्त, पण कर्तव्याला चुकणारे नव्हते. त्यांनी चार लोकांदेखत नर्सबाईंना विचारलं. बाई बादल्या उचलून आपल्या कामाला लागल्या. शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी मात्र तपासनीसांकडे टक लावून बघत राहिली. लेक तोवर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळत अंग गरम करत होती, तिला ह्यातलं काही कळलं नाही.

शर्यतीला पंधरा मिनिटं असताना ती सायकलीपाशी आली, वाकली आणि तशीच राहिली.

"बाबा, हे काय?"

"सील. आता कुणी हात लावून दाखवावा."

"मला हवा सोडायचीय."

"कशाला? मोजून तीस आहे."

"तीसवर ह्या चिखलात चाक धरतच नाही. पहिल्याच उताराला आडवी होईन मी." तिचा आवाज खाली गेला. "काल मीच सोडली होती."

"तुला कुणी सांगितलं सोडायला?"

"त्या मावशींनी शिकवलं. अंगठ्याने दाबून बघायचं आणि सोडायची. महिना झाला."

"आणि मला काल बोलली नाहीस?"

"तुम्ही त्यांच्यावर संशय घेतला असता."

त्यांनी तार बोटात धरून ओढून पाहिली. मग विचारलं, "आईला माहीत आहे?"

"हो."

महिनाभर ह्या दोघी आपल्यापासून लपवत होत्या. दुसऱ्यांची चोरी त्यांनी नेहमी हसून पचवली होती, ही पचेना. घरात आपली भीती आहे की अडचण, हेच त्यांना समजेना आणि ते फार लागलं. पण वेळ नव्हता. तार हाताने तुटणारी नव्हती. चिमटा त्यांनी मुद्दाम घरी कुलपात ठेवला होता, कारण तो कुणाच्या हाती लागला तर सील तोडून पुन्हा मारता येतं. शेवटी मान खाली घालून ते नर्सबाईंपाशी गेले.

"पक्कड आहे का हो?"

बाईंनी पिशवीतून पक्कड काढून दिली. कशाला, म्हणून विचारलंही नाही.

स्वतः मारलेलं सील तपासनीस आयुष्यात पहिल्यांदा तोडत होते. चार गोळ्या चिखलात पडल्या. लेकीने अंगठ्याने दाबून हवा सोडली आणि शिट्टी व्हायला दोन मिनिटं असताना ती रांगेत जाऊन उभी राहिली.

शर्यत सुरू झाली. तपासनीस दुसरी सायकल धरून दोरीआड उभे राहिले. चौथ्या फेरीपर्यंत पहिली मुलगी आवाक्याबाहेर गेली होती. दुसरी लाल हेल्मेटवाली, तिसरी लेक, मध्ये वीसेक पावलांचं अंतर. लेक उतारावर कुठेही घसरत नव्हती. चाक खरंच धरत होतं.

शेवटची फेरी सुरू होताना नर्सबाई रिकाम्या बादल्या घेऊन नळावर गेल्या होत्या. तिथे रांग होती. नेमकी तेव्हाच लाल हेल्मेटवाली धावत आत आली. चिखलाने साखळी अडकली होती, सायकल तिने जवळजवळ ओढतच आणली.

"आई," तिने हाक मारली. "आई कुठेय?"

तिची धुतलेली सायकल कुंपणाला टेकून उभी होती, तपासनीसांपासून हातभर अंतरावर. मागून लेक येत होती. नुसतं उभं राहिलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. तपासनीसांच्या मनात ते येऊन गेलं, नाही असं नाही. त्यांनी लेकीची सायकल खाली ठेवली, ती दुसरी उचलली आणि पुढे धरली.

"घे."

मुलीने हँडलला हात लावला आणि थांबली. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग चाकाकडे. पुढचं टायर चिमटीत दाबलं, मागचं दाबलं. दोन्ही ब्रेक ओढून बघितले.

"अगं, सगळं ठीक आहे, जा तू."

हे ऐकल्यावर तर तिने मागचं चाक उचलून एकदा फिरवूनही पाहिलं. दोरीपलीकडून लेक पुढे निघून गेली. जाताना तिने मान वळवली, तेव्हा त्या सायकलीचं हँडल अजून बाबांच्या हातात होतं.

लेक दुसरी आली, लाल हेल्मेटवाली तिसरी. भोंग्यावरून निकाल सांगितला तेव्हा तपासनीसांचा ऊर भरून आला, पण ओरडावंसं वाटलं नाही. ती पाच-सहा सेकंदं त्यांना ठाऊक होती. सायकल कुणाही दुसऱ्या माणसाने पुढे केली असती तर ती मुलगी टांग टाकून निघून गेली असती.

लेक सायकल ढकलत आली. तोंडभर चिखल. हसत नव्हती.

"बाबा, तुम्ही तिच्या सायकलला काय केलंत?"

"काही नाही. तिची आई नळावर गेली होती, म्हणून मी दिली."

"मग ती थांबली का?"

त्याचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. "बघून घेतली तिने सायकल," एवढंच ते म्हणाले.

"बरं," लेक म्हणाली.

लाल हेल्मेटवालीने शर्यत संपवलेली सायकल कुंपणाशी आडवी पडली होती. लेक त्या सायकलीपाशी जाऊन उकिडवी बसली. आधी तिने पुढचं टायर दाबून पाहिलं, मग मागचं. मग ब्रेकच्या तारेवरून बोट फिरवत ती खालपर्यंत गेली. तपासनीसांनी तिला थांबवलं नाही. तिचं बघून होईपर्यंत ते बाजूला उभे राहिले, दोन्ही हात तिला दिसतील असे ठेवून.