पात्रता फेरीच्या दारात

मित्रांनो, भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या एका क्वार्टरमध्ये, कपाटावर आडवी पडलेली जी काळी टेनिस रॅकेट दिसते, ती मी. माझ्या डोक्याच्या कडेला भेग आहे आणि तारा सैल पडल्या आहेत. जुनी झाले म्हणून कुणी मला इथे ठेवलेलं नाही. मी मोडले. कशी मोडले हे सांगायला आजही जड जातं, कारण त्यात थोडी चूक माझीही होती.

कार्बनच्या पातळ पट्ट्या साच्यात बसवून, तापवून मला घडवलं गेलं. पुढे रायपूरच्या एका दुकानात मी भिंतीवर लटकत होते. एके दिवशी देवीदास मेश्राम आपल्या लेकीला घेऊन तिथे आले. ते पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये कामाला. दुकानदार म्हणत होता की मुलीला हलकी रॅकेट बरी. तेरा वर्षांच्या खुशबूनं मला उचललं, हवेत दोनदा फिरवलं आणि मग खाली ठेवलंच नाही.

माझे सुखाचे दिवस तिथून सुरू झाले. पहाटे टाउनशिपच्या कोर्टवर नरहरी सर आमची वाट बघत उभे असायचे. ते कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी; शिस्तीचे कडक आणि कौतुकाला कंजूष. त्यांनी खुशबूचा फोरहँड असा घडवला की चेंडू माझ्यावरून सुटला की समोरची मुलगी नुसती बघत राहायची. घरी आल्यावर देवीदास गमछ्यानं माझा घाम पुसायचे. माझ्या मुठीची पट्टी झिजली की नवी गुंडाळायचे, इतक्या सफाईनं की एकही सुरकुती दिसू नये.

खुशबू आधी राज्यात पहिली आली. मग अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेली. भिलाईतल्या पावर हाउस भागाच्या बाजारात तिचा फोटो असलेला फलक लागला. चौदा एप्रिलला विहारात तिचा सत्कार झाला, तेव्हा तिनं मलाही सोबत नेलं होतं. लहान पोरं रांगेनं येऊन मला हात लावून जात होती. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला. मला वाटलं, आता मोठ्या बायकांच्या स्पर्धा, आणि मग काय, जगच आपलं.

खुशबूलाही तसंच वाटत होतं. तिचं सतरावं सरत होतं.

पण व्यावसायिक स्पर्धेचं दार वेगळंच असतं. तिथे ज्युनिअरचे चषक कुणी विचारत नाही. मुख्य स्पर्धेत खेळायला क्रमवारी लागते आणि क्रमवारी मिळवायला मुख्य स्पर्धेत जिंकावं लागतं. ज्यांच्याकडे क्रमवारी नाही त्यांनी आधी पात्रता फेरीतून वर यायचं. पहिल्याच पात्रता सामन्यात समोर तिशी ओलांडलेली एक बाई होती. तिच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. ज्या चेंडूवर ज्युनिअर मुली हात टेकायच्या, तोच चेंडू ती शांतपणे परत पाठवायची. आणखी जोरात मारला तर आणखी शांतपणे. तासाभरात सामना संपला. तिनं हात मिळवला, पाणी प्यायली आणि आपले कपडे धुवायला निघून गेली. तिच्या लेखी तो एक साधा मंगळवार होता.

दुसऱ्या स्पर्धेत खुशबूचं नाव राखीव यादीत होतं. कुणी आलं नाही तर तिला घेणार होते. मला मांडीवर घेऊन ती संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली. सगळ्या आल्या. दोन दिवसांचा प्रवास करून आम्ही एकही चेंडू न मारता परतलो. तिसऱ्या स्पर्धेत हरलो. चौथ्या आणि पाचव्यातही हरलो. दुर्गला गाडीतून उतरलं की खुशबू मला पाठीवर टाकून घरची वाट धरायची. शेजारच्या बेबीताई प्रत्येक वेळी फाटकाशी उभ्या राहून विचारायच्या, "जितली का वं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी खुशबूनं मागच्या गल्लीतून घरी यायला सुरुवात केली.

तिच्या आईनं, सुनितानं, सरकारी नोकरीचा अर्ज आणून ठेवला होता. राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून जागा मिळत होती आणि अर्जाची मुदत जवळ आली होती.

"फारम भरून टाक," सुनिता म्हणाली. "खेळ बंद कर म्हणून कोण म्हणून राहिलं तुले?"

"मम्मी, नोकरी लागली की खेळ अपने आप बंद होते," खुशबू म्हणाली. "एक टूर्नामेंट और. मंग तू म्हणशीन तसं."

असा करार झाला. या वेळी देवीदासही रजा काढून सोबत आले.

त्या स्पर्धेत खुशबूनं पात्रतेचा पहिला सामना जिंकला. मोठ्यांच्या खेळातला तिचा तो पहिलाच विजय. दुसरा जिंकला असता तर मुख्य स्पर्धेचं दार उघडणार होतं. एक सेट आमचा, एक त्यांचा, आणि मग दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक. नऊ-आठ. एकच गुण हवा होता. चेंडू उंच आला, खुशबूनं सगळा जीव एकवटून फोरहँड मारला. चेंडू दूरच्या रेषेपाशी पडला आणि समोरच्या मुलीनं बोट वर केलं. बाहेर.

पात्रता फेरीत रेषेवर पंच नसतात. आपापल्या बाजूचा निर्णय खेळाडूच देतात. खुशबू जाळीपर्यंत धावली. चेंडू लाइनवर होता, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. सगळ्या कोर्टांवर लक्ष ठेवणारे फिरते पंच आले. त्यांनी चेंडू पाहिलेला नव्हता, त्यामुळे बोट वर ते वरच राहिलं. नऊ-नऊ झाले. पुढचे दोन गुण कधी गेले, ते खुशबूला कळलंही नसेल.

मग तिनं मला जमिनीवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. कडेला भेग पडली, तेव्हाचा आवाज मी विसरलेले नाही. पंचांनी तिचं नाव लिहून घेतलं. देवीदास आले, त्यांनी मला उचललं आणि पिशवीत ठेवलं.

परतीच्या गाडीत दुपारभर खुशबू त्या मुलीला लबाड म्हणत राहिली. देवीदास ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बॉल बाहेर होता, बेटा."

खुशबू सीटवर सरसावून बसली.

"मी तिकडच्याच कुंपणाच्या जाळीपाशी बसून होतो. दोन बोटं बाहेर पडला."

"मंग तवाच कावून नाही बोलले?"

"तवा बोललो असतो तं तू आयकली असती का?"

ती खिडकीकडे वळली. तीन दिवस ती वडिलांशी बोलली नाही. मित्रांनो, मला मात्र ते आधीपासून ठाऊक होतं. चेंडू माझ्या मधोमध बसलाच नव्हता, वरच्या कडेला लागला होता. तो लांब जाणार, हे त्याच क्षणी मला कळलं होतं. मी सांगणार कुणाला आणि कसं?

चौथ्या दिवशी खुशबूनं अर्ज भरला आणि आईच्या हातात दिला. बोलावणं येईपर्यंत आपण खेळणार, एवढंच तिनं सांगितलं. सुनितानं मान डोलावली. मग खुशबू दुसरी रॅकेट घेऊन कोर्टवर गेली. मला दुरुस्त करता येईल का हे विचारायला देवीदास मलाही घेऊन मागोमाग आले. नरहरी सरांनी मला बोटानं वाजवून पाहिलं, नाही म्हणाले आणि बाकावर ठेवलं. म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

खुशबू वडिलांसमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, तिकडं लाइनवर उभे राहा. तोच बॉल मारणार हाय मी. बाहेर गेला तं बाहेर म्हणा. माह्याकडं पाहू नका."

देवीदास रेषेवर जाऊन उभे राहिले. सर तसेच उंच चेंडू देऊ लागले. "बाहेर," देवीदास म्हणाले. पुन्हा, "बाहेर." ऊन वर आलं, तिचा सदरा पाठीला चिकटला, तरी आवाज येतच होता. मधूनच एखादं "आत" यायचं आणि तेवढ्यावर ती पुढचा चेंडू मागायची.

त्यानंतर ती दोन स्पर्धा खेळून आली. दोन्हीकडे पात्रता फेरीतच हरली. ते दार अजून उघडलेलं नाही आणि नोकरीचं बोलावणंही आलेलं नाही. बेबीताई अजून विचारतात. खुशबू आता पुढच्याच फाटकानं येते आणि "हारली, ताई" म्हणून घरात शिरते.

मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे, मित्रांनो. हरलात तर हातातल्या वस्तूवर राग काढू नका. ती बिचारी तुमच्यासोबतच हरलेली असते. आणि तुमच्या घरी कुणी हरून आलं, तर खोटा दिलासा देऊ नका. चेंडू बाहेर गेला असेल तर बाहेर म्हणा, आणि मग तिथेच, त्या उन्हात, पुढच्या चेंडूसाठी उभे राहा.