तालमीच्या भिंतीवरचा कागद

दिग्विजयला या फलकातून काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. फ्लेक्स लावायचा तर परवानगी लागते, उन्हानं तोंड पांढरं पडतं, आणि वारं सुटलं की विरोधकाच्या आधी वाराच तो फाडतो. झगमगता पडदा लावावा तर दुपारच्या उन्हात काही दिसत नाही आणि वीज गेली की नेता अंधारात. या दोन्ही खोडी नसलेली एक वस्तू सांगलीत मिळते, असं त्याला कळलं. रहिमतपूरच्या वेशीजवळच्या तालमीची भिंत तेव्हाच त्याच्या हिशेबात आली.

त्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा होता. गावात माणूस गेला की आधी घरात रडं, मग भिंतीवर खडू. कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी, किती वाजता. वाढदिवसाच्या फ्लेक्सखालून माणसं मान वर न करता जातात, पण मयताची बातमी वाचायला सायकलवरचासुद्धा एक पाय टेकतो. दिग्विजयला हवा होता तो हाच टेकलेला पाय. निवडणूक तोंडावर होती आणि वॉर्डात त्याचं नाव अजून वडिलांच्या नावामागं चालत होतं.

फलकाचे पैसे व्यापाऱ्यांनी वर्गणीतून दिले. दिग्विजयनं नाव दिलं. 'सौजन्य : दिग्विजय युवा प्रतिष्ठान' ही पट्टी फलकाच्या आधी तयार होऊन आली होती.

बसवायला सांगलीहून पुष्कर नावाचा इंजिनिअर आला. जुन्या फळ्यावरच भोकं पाडून त्यानं नवा फलक ठोकला. माणसं जमली. पडदा कागदासारखा पांढरट, त्यावर छापल्यासारखी काळी अक्षरं, आणि भर उन्हात उलट जास्तच ठळक.

"हा उजेड फेकत नाही," पुष्कर सांगू लागला. "आत काळे-पांढरे बारीक कण आहेत. वीज लागते ती फक्त कण हलवायला. एकदा चित्र उमटलं की वीज काढून घेतली तरी ते तसंच राहतं."

"कितीक दिवस?" दिग्विजयनं विचारलं.

"नवं येईपर्यंत."

"आन् नवं आलंच न्हाई तर?"

"तर जुनंच."

दिग्विजयनं आपल्या कार्यकर्त्याकडं, शिवतेजकडं, बघितलं. शिवतेजकडं दोन फोन असतात आणि फलकावर मजकूर पाठवायचं काम त्यातल्या मोठ्या फोनवर होतं.

पहिले काही महिने सगळं नीट चाललं, हे जमेच्या बाजूला लिहायला हवं. मयत, पाणी, लसीकरण, हरवलेली म्हैस, सगळं वेळच्या वेळी. शिवतेजनं व्हॉट्सअ‍ॅपवर चौकाचा ग्रुपही काढला होता, पण त्यात लिहायची मुभा फक्त त्यालाच, आणि दिग्विजयची ताकीद अशी की मयताची बातमी ग्रुपवर टाकायची नाही. लोकांनी फलकासमोर यायला पाहिजे. लोक येत गेले. सवय लागली.

मग दिग्विजयचा वाढदिवस आला. फलकभर हात जोडलेला फोटो, खाली 'भावी नगरसेवकांना हार्दिक शुभेच्छा'. त्याच आठवड्यात फलकातल्या सिमकार्डाचं रिचार्ज संपलं. पुष्करनं सांगलीहून फोन केला.

"रिचार्ज भरा साहेब, नाहीतर नवी सूचना पोचणार नाही."

"आन् हाय ते जाईल काय?"

"नाही, आहे ते राहील."

"सध्या काय हाय?"

"तुमचा वाढदिवस."

"मग राहू द्या की! निवडणूक झाली की बघू," दिग्विजय म्हणाला. फोन ठेवून त्यानं शिवतेजला समजावलं, "बातमी घिऊन कुणी आलं तर न्हाई म्हणायचं न्हाई. फोनवर दाब. 'पाठवले' म्हणून दिसतंय तेवढं दाखव."

आता दुसरी बाजू.

लालासाहेब मोटारपंप दुरुस्त करायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी क्षमा, ती सांगलीला दिलेली. त्यांना ना भाषण करता यायचं, ना ते कुठल्या पक्षात होते. पण गावातलं एकही रक्षाविसर्जन त्यांनी चुकवलं नाही. सकाळी दुकानाचं दार ओढून घ्यायचं, पांढरी टोपी घालायची आणि स्मशानभूमीत शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं. ज्याच्याशी बोलचाल नव्हती त्याच्याही घरच्या मयताला.

"लग्नाला बोलावणं लागतं," ते क्षमाला सांगायचे. "हितं भिंत सांगती आन् मानूस जातंय. आपून गेलो तर आपल्यालाबी येत्यात."

ही त्यांची आयुष्यभराची ठेव. ती परत यायची एकच सकाळ असते, आणि ती बघायला माणूस स्वतः नसतो. ते बघायचं काम क्षमाचं होतं.

दवाखान्यासाठी सांगलीला आलेले लालासाहेब तिच्याच घरी वारले. त्यांना घेऊन गाडी रहिमतपुरात पोचेपर्यंत दिवस कलला होता. गल्लीतल्या माणसांनी अग्नी उरकून घेतला. भाऊ नाही, चुलता नाही, कुणाला फोन करायचा हेही क्षमाला ठाऊक नव्हतं. पण तिला त्याची काळजी वाटली नाही. गाव तिसऱ्या दिवशी येणारच होतं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा सुमंत तालमीजवळ शिवतेजला गाठून मजकूर देऊन आला. शिवतेजनं त्याच्यासमोर बोट दाबलं, फोनवर 'पाठवले' असं हिरवं अक्षर आलं.

"कधी दिसेल?" सुमंतनं विचारलं.

"दिसंल की दाजी. जरा टाइम घेतंय."

सुमंत सांगलीचा माणूस. तो थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्मशानभूमीत सतरंज्या अंथरल्या. राख सावडून झाली, पाणी शिंपडलं, नैवेद्य ठेवला. गल्लीतली तीच माणसं आली जी अग्नीला आली होती. बाकी सतरंज्या रिकाम्या.

"जरा थांबूया," क्षमा म्हणाली.

थांबले. कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणी खाकरलं. कावळ्याला मात्र कुणाची वाट बघायची नव्हती. तो आला, शिवला आणि भात उचलून गेला.

"सुटला म्हातारा," गल्लीतला नाथाजी म्हणाला. "कायबी मागं ठिवलं न्हाई बघ."

"ठेवलं," क्षमा म्हणाली. "सगळं गाव ठेवलंय."

तिच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं. ती घरी गेलीच नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी सरळ वेशीकडं चालू लागली, मागून सुमंत आणि नाथाजी.

फलकावर दिग्विजय हात जोडून हसत होता.

समोर रहिमानचाचांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. लालासाहेबांची आणि त्यांची चहाची बैठक चाळीस वर्षांची. सांगलीला नेलेला मित्र बरा होऊन येईल म्हणून ते रस्त्याकडं बघत बसलेले. क्षमाला त्या अवतारात बघून ते उठले आणि बघूनच समजले.

"कवा गं पोरी?"

"चाचा, तुमालाबी न्हाई कळलं?"

"काल कुणीतरी बोललं की लालासाहेब गेले म्हणून. म्या म्हणलं खोटं असंल. रोज हितं बसतुय, बोर्डावर काय न्हाई." त्यांनी फलकाकडं हात केला. "दुसरा म्हणला, खरं असलं तर पोरीनं घरच्यापुरतंच ठिवलं असंल. सांगलीची मानसं, तिकडं तसं करत्यात."

म्हणजे गावाला कुणकुण होती. पण भिंत सांगत नाही तोवर जायचं नाही, ही रीत लालासाहेबांनीच पाळलेली आणि गावानंही पाळली. कुणी नालायक नव्हतं. म्हणूनच राग कुणावर काढावा हे क्षमाला कळेना, आणि तेवढ्यात नेमका दिग्विजय शिवतेजला घेऊन पांढऱ्या गाडीतून उतरला. चौकात माणसं जमलेली बघून त्यानं हात आपोआप जोडले. फलकावर एक आणि खाली एक.

"ताई, लय वाईट झालं. आमाला आत्ता समजलं."

"आत्ता? काल ह्यांनी तुमच्या माणसाकडं बातमी दिली."

"मग टेक्निकल काय तरी असंल. मशीन हाय."

"मशीन हाय?" क्षमा फलकाजवळ गेली. खांबावरून एक वायर फलकामागच्या डब्यात उतरत होती. तिनं ती दोन्ही हातांनी धरली आणि हिसका दिला. वायर निघाली, बरोबर प्लास्टरचा खपलाही आला.

दिग्विजय वर हसतच होता. एक केस हलला नाही.

क्षमानं डबा हिसकला. फोटो तसाच. मग तिनं उघड्या पंजानं काचेवर, बरोबर गालावर, फाडकन मारली. बघणाऱ्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"आवं ताई, हाताला लागंल," खालचा दिग्विजय म्हणाला. त्याच्या आवाजात जरा कौतुकच होतं. "वायर काढून त्याला काय होत न्हाई. तीच तर खासियत हाय. रिचार्ज संपून बी दीड महिना झाला, हाय का काय फरक?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं.

"दीड महिना?" रहिमानचाचा म्हणाले.

"म्हंजी... म्हंजी तसं न्हाई चाचा—"

"तसं न्हाई तर कसं?" नाथाजी पुढं आला. "माझी मावशी जाऊन महिना झाला. शिवतेजनं माझ्यासमोर बोट दाबलं. तिच्या रक्षेला मानसं आली न्हाईत तवा आमी आत्याच्या पोरांशी भांडलो! म्हणलं, तुमी मुद्दाम आला न्हाई. आजून बोलत न्हाई आमी!"

"आन् आमच्या गल्लीचं पानी बंद हुतं तवा?" मागून एका बाईचा आवाज. "हितं बघून गेले, तर ह्येचं थोबाड!"

"शिवतेज, तुला ठाव हुतं?" नाथाजीनं विचारलं.

शिवतेजनं दोन्ही फोन खिशात घातले.

"शांत व्हा, शांत व्हा," दिग्विजय म्हणाला. "आत्ता रिचार्ज मारतो. ताई, लालासाहेबांचा मोठा फोटो लावतो, भावपूर्ण श्रद्धांजली, आठ दिवस ठिवतो. खाली प्रतिष्ठानचं नाव—"

"माझ्या बापाचं नाव तुझ्या नावाच्या वर नको, खाली नको, शेजारीबी नको." क्षमाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेला. "तुला येत असंल तर एकच कर. आज सकाळचे नऊ परत आण. येतंय?"

दिग्विजयनं सुमंतकडं बघितलं. असल्या वेळी पुढारी जावयाकडं बघतो, कारण जावई समजूतदार असतो असं धरून चालायची पद्धत आहे. सुमंत म्हणाला, "ती विचारतेय. सांगा की, येतंय का?"

कुणी मारलं नाही. नाथाजीनं पाना आणला आणि फलक उतरवला, तेवढंच. उतरवून भिंतीला टेकवून ठेवला तेव्हाही दिग्विजय हसत होता, म्हणून रहिमानचाचांनी त्याचं तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्या संध्याकाळी गाव क्षमाच्या दारात आलं. माणसं ओसरीत मावेनात. प्रत्येकजण तेच सांगत होता, आमाला कळलं असतं तर. क्षमा प्रत्येकाला हात जोडत होती आणि एकालाही 'असू दे' म्हणत नव्हती.

निवडणुकीत दिग्विजय पडला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तो थोडक्यात निवडून आला. दुसऱ्या वॉर्डातून.

आता कुणी काय भरलं ते. फलकाचे पैसे व्यापाऱ्यांनी भरले. नाथाजीनं आत्याच्या घरचं येणंजाणं भरलं, ते अजून जुळलेलं नाही. रहिमानचाचांनी मित्राची शेवटची भेट भरली, समोर दुकान असून. क्षमानं ती सकाळ भरली. दिग्विजयनं शेवटी रिचार्जसुद्धा भरलं नाही. आणि लालासाहेबांनी गावाच्या सगळ्या मयतांचं आधीच, न चुकता, शेवटच्या रांगेत बसून भरलं होतं.