गाण्यातला होझिया

माझी बायको व्हर्लीन स्टेजवर इस्त्री करायची. गाणं संपत आलं की ती तापलेली इस्त्री शर्टावर तशीच ठेवून द्यायची. धूर निघायचा आणि समोरच्या बाया उठून उभ्या राहायच्या. तो शर्ट माझा असायचा. गाण्यातला नवराही मीच. माझं नाव होझिया टिडवेल. आमच्या मिसिसिपीत आणि शेजारच्या अलाबामात साठीच्या पुढच्या बायका अजून हे नाव ऐकून तोंड वाकडं करतात.

याची सुरुवात चुकून झाली. १९५९ साली आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते. मी बँडमध्ये बास गिटार वाजवायचो, ती गायची. रिदम अँड ब्लूज गाणाऱ्या बाया तेव्हा पुष्कळ होत्या, आणि तिच्याहून देखण्याही होत्या. हॅटीझबर्गच्या क्लबात ती स्टेजच्या बाजूला उभी राहून माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. माझ्याकडे पांढरा शर्ट एकच होता, आईने शिवलेला. मी बनियनवर तिच्या शेजारी उभा होतो. तेवढ्यात मालक पर्व्हिस ओरडला, "ए बाई, लोक काय माझं तोंड बघायला आलेत?" बँड सुरू झाला. मी कोणाचा तरी कोट अंगात अडकवून माझ्या जागी पळालो. शर्टाची कॉलर राहिली होती आणि व्हर्लीनला अर्धवट काम टाकायची सवय नव्हती. तिने इस्त्रीचं टेबल वायरसकट ओढत स्टेजवर आणलं.

लोक हसायला लागले. आता काहीतरी बोलणं भाग होतं. ती कॉलरवर इस्त्री फिरवत म्हणाली, "हसा, बायांनो, हसा. हा शर्ट माझ्या होझियाचा. काल कुठे होतास म्हणून विचारलं, तर म्हणतो, चर्चमध्ये. मंगळवारी कुठलं गं चर्च उघडं असतं?"

"कुठलंच नाही," पुढच्या टेबलावरून एक बाई म्हणाली.

"आणि लिपस्टिक लावलेला पाद्री कोणी बघितलाय?"

मग ती गायला लागली आणि इस्त्री खाली ठेवायची विसरली. शर्ट जळाला. क्लब डोक्यावर घेतला लोकांनी.

परत येताना गाडीत ती रडत होती. "तुझ्या आईने शिवला होता रे."

"आई दुसरा शिवेल."

"आणि तुझंच नाव घेतलं मी. घाईत दुसरं सुचलंच नाही."

"हॅटीझबर्गमध्ये मला कोण ओळखतं?" मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात पर्व्हिसचा निरोप आला. शर्ट जाळणार असाल तर या, नाहीतर येऊ नका.

त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही शर्ट जाळले. अलाबामातलं मोबाइल शहर, जॅक्सन, श्रीव्हपोर्ट, मेम्फिस, जिथे आम्हा काळ्या लोकांना गाऊ देत होते तिथे सगळीकडे. माझ्या हिशेबाने तीन हजारांच्या आसपास शर्ट असतील. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून मी ते गठ्ठ्याने आणायचो. आणलेला शर्ट आधी चुरगाळावा लागायचा, नाहीतर ती इस्त्री कशावर करणार? ते काम माझं. ती सोनेरी झगा, कोपरापर्यंत हातमोजे आणि डोक्याला स्वयंपाकघरातलं फडकं अशी स्टेजवर यायची. एकेक हातमोजा काढायला ती दोन मिनिटं घ्यायची. मग बोटाला थुंकी लावून इस्त्री तापली का बघायची. चुर्र आवाज आला की बाया म्हणायच्या, "हं, आता सांग."

पहिलं वर्षभर कोणाला माहीत नव्हतं की मागे बास वाजवतो तोच होझिया. मग आमच्या ड्रमवाल्या ऑर्व्हिलने एकदा गंमत म्हणून ड्रमची काठी माझ्याकडे रोखली. तेही खेळात आलं. मी मान खाली घालून वाजवायचो आणि माझ्यावर पाव, चमचे, एकदा तर एक सँडल आली. मोबाइल शहरात एका बाईने गाडीपाशी गाठून मला पर्सने बडवलं. बडवता बडवता पर्सचा बंद तुटला आणि सगळं सामान रस्त्यावर सांडलं. मी खाली बसून तिला ते गोळा करून दिलं. ती म्हणाली, "आत्ता बघा कसा गरीब गाय बनलाय." व्हर्लीन गाडीत तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

घरी मात्र ती इस्त्रीला हात लावायची नाही. म्हणायची, "कारकून घरी येऊन फायली लिहितो का?" म्हणून घरातल्या कपड्यांना इस्त्री मी करायचो. तिचे सोनेरी झगेसुद्धा, आतून, ओलं फडकं ठेवून. हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं. माहीत व्हायची गरजही नव्हती.

१९७४ मध्ये क्लब बंद पडत गेले आणि आम्ही इथे मेरिडियनला परत आलो. मी टायरच्या दुकानात लागलो, ती शाळेच्या स्वयंपाकघरात. रविवारी चर्चच्या गायनात ती मागच्या रांगेत उभी राहायची, कारण पुढच्या रांगेत उभी राहिली की लोकांना इस्त्री आठवायची. मूल आम्हाला झालं नाही. चर्चमधल्या बायका तिला मिठी मारायच्या आणि मला मान हलवून नमस्कार करायच्या. आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना सिस्टर, ब्रदर म्हणतात; त्यातली सिस्टर ओझेला गेन्स तर तेवढंही करायची नाही. ती दाराशी पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायची. उन्हाळ्यात सगळ्यांच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा द्यायची, मला नाही. तेवीस वर्षं मी प्रार्थनेच्या कागदाने वारा घेतला.

गेल्या वर्षी व्हर्लीनच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मी तिला मशीनवर घेऊन जायचो आणि चार तास शेजारी बसायचो. शेवटी शेवटी ती फार बोलायची नाही. एक दिवस म्हणाली, "होझिया, तुझं नाव खराब केलं मी."

"त्या नावावर घर चाललं."

"चेष्टा करू नकोस. मी गेल्यावर तू एकटा राहशील. तुला जेवायला कोण विचारेल? ओझेलासारख्या बाया दारात तरी उभं करतील का?"

"मला स्वयंपाक येतो."

"तुला अंडं येतं," ती म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी तिने माझ्या हातात एक पाकीट दिलं. विजेच्या बिलाचं जुनं पाकीट, मागच्या बाजूला तिच्या अक्षरात लिहिलेलं. ओळी वर-खाली गेल्या होत्या. अंत्यविधीला घरच्यांना बोलायला दोन मिनिटं देतात, त्यात मी हे वाचायचं होतं. तिने लिहिलं होतं: 'होझियाने माझ्यावर कधी हात उगारला नाही. तो दुसऱ्या बाईकडे गेला नाही. गाण्यात सांगितलं ते सगळं मी रचलं. तो चांगला नवरा होता. व्हर्लीन टिडवेल.'

"सही कशाला केलीस?" मी विचारलं.

"तू रचलंस असं म्हणतील म्हणून. वाचशील ना? शब्द दे."

मी शब्द दिला. नऊ दिवसांनी ती गेली. सकाळ होती, मी तिच्यासाठी लापशी ढवळत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी अंत्यदर्शन होतं. तिची थोरली बहीण अर्नेस्टीन शिकागोहून आली होती. व्हर्लीनने तिला फोनवर पाकिटाचं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आल्याआल्या तिने मला कोपऱ्यात घेतलं.

"पाकीट कुठे आहे?"

"खिशात."

"आजच्या आज चार वेळा वाचून बघ. तू वाचतोस म्हणजे गाय चिखलातून चालल्यासारखं वाचतोस."

"बरं."

"चाळीस वर्षं लोकांनी तुझ्या नावाने बोटं मोडली. उद्या सगळ्यांची तोंडं बंद झाली पाहिजेत. मला बघायचंय ते."

ती चहा घ्यायला गेली. मी शवपेटीजवळच्या खुर्चीत बसलो. व्हर्लीनला सोनेरी झगा घातला होता. त्याला इस्त्री मी केली होती, डाव्या बाहीला एक घडी राहिली होती आणि ती मला दिसत होती. तेवढ्यात सिस्टर ओझेला आली. पेटीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. ती याआधी माझ्या शेजारी कधी बसली नव्हती.

"ब्रदर टिडवेल," ती म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल ही बाई आपल्याशी बोलत का नाही."

"कारण मला ठाऊक आहे, सिस्टर."

"अर्धं ठाऊक आहे. ऐका. एकोणीसशे अडुसष्ट साली, जॅक्सनला, मी पुढच्या टेबलावर होते. माझा हात गळ्यात बांधलेला. माझ्या नवऱ्याने, कर्टिसने मोडला होता. लोकांना सांगितलं होतं पायऱ्यांवरून पडले. तुमच्या बायकोने इस्त्री थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'बाई, इस्त्री एका हातानेही करता येते. दार उघडायलाही एकच हात लागतो.' अख्खा हॉल हसला. मी हसले नाही."

मला ती आठवली नाही. गळ्यात हात बांधलेल्या बाया त्या काळी पुष्कळ बघितल्या.

"मी मनात म्हटलं, हिचा नवरा हिच्या पाठीशी पाच हातांवर उभा आहे, तरी ही त्याच्या देखत बोलते. मग मला कशाची भीती? दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरं घेऊन मी बहिणीकडे निघून आले. इथे."

हातमोजे काढून तिने मांडीवर ठेवले.

"तुमचा राग होता मला. खोटं कशाला बोलू? पण वर्षभर मी तुम्हाला बघतेय. माझी भाची त्या मशीनच्या दवाखान्यात कामाला आहे, तिने सांगितलं. व्हर्लीनचे पाय चेपत बसायचात म्हणे. मी कर्टिससाठी पुष्कळ प्रार्थना केली होती, तो काही सुधारला नाही. मी म्हणायचे, पुरुष सुधारतच नाही. तुमच्याकडे बघून म्हटलं, नाही, एखादा सुधारतो."

तिने माझा हात दाबला आणि उठून गेली. खिशातलं पाकीट मला बरगडीला टोचत होतं.

रात्री अर्नेस्टीनने विचारलं, वाचून बघितलंस का. मी हो म्हणालो. बघितलं होतंच. चारदा नाही, दहादा.

शनिवारी चर्च भरलं होतं. म्हाताऱ्या बाया पार लॉरेलहून आल्या होत्या, टोप्या घालून. रेव्हरंड ब्रॉडनॅक्सने माझं नाव पुकारलं आणि घड्याळावर बोट ठेवलं. "ब्रदर टिडवेल, दोन मिनिटं. देवाच्या घड्याळाची नाही, माझ्या घड्याळाची." लोक हसले.

मी पुढे गेलो. पाकीट काढलं. अर्नेस्टीन पहिल्या रांगेत ताठ बसली होती. ओझेला मागे दाराशी उभी होती, हातमोजे घालून, आणि माझ्याकडे बघत होती. मी व्हर्लीनचं अक्षर बघितलं. 'ते सगळं मी रचलं.' हे वाक्य मी मोठ्याने वाचलं असतं, तर ज्या धीरावर मागे उभी असलेली बाई दार उघडून बाहेर पडली, तो खोटाच ठरला नसता का? आणि सुधारलेला एक पुरुष तिने बघितला होता, तो कुठे गेला असता?

मी पाकीट घडी करून परत खिशात ठेवलं.

"मी होझिया," मी म्हणालो. "गाण्यातला."

लॉरेलच्या बायांपैकी एक म्हणाली, "माहितीये आम्हाला." त्यावर चर्चभर खसखस पिकली.

"व्हर्लीनला माझ्याबद्दल जे बोलायचं होतं, ते ती माझ्यासमोर बोलली. माझ्या पाठीमागे कधी नाही. मीच तिच्या पाठीमागे उभा असायचो."

"सांगा, ब्रदर," कोणीतरी म्हणालं.

"तिने माझे तीन हजार शर्ट जाळले. तरी मी घर सोडून गेलो नाही. शेवटी तीच गेली." मी जागेवर येऊन बसलो. मागून एक बाई हलक्या आवाजात तिचं गाणं गुणगुणायला लागली. रेव्हरंडने तिला थांबवलं नाही. मग इतरही जणी गुणगुणायला लागल्या, शब्द न म्हणता, कारण ते शब्द चर्चमध्ये म्हणण्यासारखे नव्हते.

जेवणाच्या वेळी खालच्या हॉलमध्ये अर्नेस्टीनने माझ्यासमोर ताट आदळलं. "शब्द दिला होतास तू तिला."

"दिला होता."

"एक मोडलास. आयुष्यात एकच मोडलास, तोही तिच्या अंत्यविधीला. वर बसून कपाळावर हात मारत असेल ती."

"मारेल," मी म्हणालो. "नंतर हसेल."

ती रागाने बघत राहिली, मग माझ्या ताटात कोंबडीचा तुकडा वाढला. "खा. अंडी उकडून जगणार आहेस आता."

थोड्या वेळाने ओझेला आली. तिच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा होता, तो तिने माझ्या ताटाशेजारी ठेवला. ऑक्टोबर महिना होता, वाऱ्याची गरज नव्हती.

"ब्रदर टिडवेल, आता तुमच्या शर्टांचं कोण बघणार?"

मी तोंडातला घास गिळला. अडतीस वर्षं घरातली इस्त्री मी करत होतो. अंगातल्या शर्टाला सकाळी मीच केली होती.

"बघू काहीतरी," मी म्हणालो.

"काहीतरी काय? दर गुरुवारी माझ्या ओसरीवर आणून ठेवा. शनिवारी घेऊन जा. आणि चुरगाळून आणू नका, नीट घडी घालून आणा."

तेव्हापासून मी दर गुरुवारी चार शर्ट नेऊन देतो. ती छान इस्त्री करते, पण खळ फार घालते. कॉलर पत्र्यासारखी होते आणि रविवारभर मान कापत राहते. व्हर्लीनला हे सांगितलं असतं तर ती खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसली असती. घरी आल्यावर मी तो शर्ट काढतो आणि मान चोळत तिच्या खुर्चीसमोर बसतो. पाकीट बायबलमध्ये ठेवलं आहे.