उलट्या तारा

खोलीत अकरा माना टांगलेल्या होत्या. सहा धडं भिंतीला टेकून उभी, त्यांतली दोन अजून रंगाविना. एक ओल शोषून घेणारं यंत्र, एक स्टूल, एक बल्ब, हवेतली ओल दाखवणारा तळहाताएवढा मीटर, आणि मधोमध, मऊ कापडावर आडवी ठेवलेली, पुरी झालेली एकच गिटार. खिडकी नव्हती. नव्या खोलीत शिरलं की आधी काय काय आहे ते मोजून घ्यायचं, ही सुप्रीताला पदार्थविज्ञानात एमएस्सी करताना लागलेली खोड. मीटरवर पंचेचाळीस टक्के होते.

ती एक गिटार डावखुरी होती, म्हणून तर सुप्रीता भर पावसात मल्लेश्वरमहून हेब्बाळला आली होती. डाव्या हाताने वाजवणाऱ्यांना दुकानदार आधी कीव केल्यासारखे बघतात, मग कॅटलॉग दाखवतात. रघुनंदन अण्णा घरामागच्या शेडमध्ये वर्षाला सात-आठ इलेक्ट्रिक गिटारी करत, आणि डावखुऱ्या त्यांनी आजवर दोनच केल्या होत्या. त्यांतली एक विकायला निघाली आहे हे कळल्यापासून सुप्रीताचं कशात लक्ष नव्हतं.

ती शाळेत होती तेव्हा घरात थोरल्या भावाची एक उजवी गिटार पडून होती. तीच उलटी धरून सुप्रीता शिकली. उलटी धरली की जाड तार खाली जाते आणि बारीक वर येते. तिने ते तसंच चालवून घेतलं. बटणं कोपराला लागत, वायर मनगटात घुसे, वरच्या फ्रेटपर्यंत, मानेवरच्या त्या धातूच्या पट्ट्यांपर्यंत, पोचायला हात पिळावा लागे. हल्ली तिचा वेग ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमच्या एका आकड्यावर येऊन अडला होता. सहा महिने तो हलत नव्हता. दोष कोणाचा हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं: गिटारीचा. सरळ डावखुरी गिटार मिळाली की सुटले.

गिटार विकणारे भीमसेन स्टुलावर बसले होते. मूळचे विजापूरचे, चाळिशीतले, व्हाइटफील्डच्या कुठल्याशा कंपनीत. तेही डावखुरे. किंमत फोनवरच ठरली होती, तेव्हा देऊन-घेऊन मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण अण्णांचा एक रिवाज होता. त्यांची गिटार हात बदलणार असेल तर ती आधी या कोरड्या खोलीत परत यायची, दिवसभर विसावायची, आणि मग देणारा आणि घेणारा दोघं समोर असताना नारळ फोडून तिची पाठवणी व्हायची.

"लेक सासर बदलतेय," अण्णा म्हणाले. "नारळाशिवाय कशी पाठवू? आणि बघा, नारळच आणायचा राहिला. कोपऱ्यावरून आणतो. दार लावून घेतो हं, ओल शिरते."

त्यांनी बाहेरून दार लोटलं. ते बसताना जो आवाज झाला तो सुप्रीताला आवडला नाही.

दार नवं होतं. गिटारीचं लाकूड तीन-तीन वर्षं वाळवल्याशिवाय त्याला करवत न लावणाऱ्या अण्णांनी दाराला मात्र घाईघाईत वखारीतून आलेलं लाकूड तसंच ठोकलं होतं. आठवडाभराच्या झडीत ते फुगलं होतं. अण्णा नारळ घेऊन परत आले, त्यांनी मूठ ओढली आणि मूठ त्यांच्या हातात आली.

"अय्यो," बाहेरून आवाज आला.

"काय झालं?" भीमसेन उठले. त्यांनी आतून खांदा लावला.

"धक्का नको. धक्का बिलकुल नको. माना पडतील." बाहेर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. "बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत. खिळी काढतो. गंजल्यात जरा. स्वल्प वेळ लागेल."

तेवढ्यात वीज गेली. यंत्राची घरघर थांबली, बल्ब विझला. सुप्रीताने मोबाइलचा टॉर्च लावून मीटरकडे वळवला. सत्तेचाळीस.

"पोरी, मीटर किती?"

तिने सांगितलं.

"साठच्या वर जाऊ देऊ नका. सहा महिन्यांचं काम टांगलंय तिथे."

"आम्ही काय करणार अण्णा?"

"कमी बोला. श्वास हळू घ्या."

"श्वास बाहेर येऊन घेतो," भीमसेन म्हणाले. "आधी बाहेर तर काढ."

"तुझा आवाज ऐकूनच एक टक्का वाढला असेल."

सुप्रीताला हसू आलं, पण हसण्याने किती वाढेल याचा हिशोबही मनात सुरू झाला. खोली आठ फूट बाय सहा. दोन माणसं. बाहेर खिळीवर हातोडीचे बारीक ठोके पडत होते आणि काहीच हलत नव्हतं. तिच्या मानेवर घाम आला. भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. तसं होत नाही हे तिला ठाऊक होतं, त्याचा उपयोग होत नव्हता.

भीमसेननी गिटार मांडीवर घेतली. वायर नव्हती, ॲम्प्लिफायर नव्हता. नुसत्या तारांचा डबीतल्या डासासारखा बारीक आवाज. ते चांगले वाजवत होते. फोनवर ते म्हणाले होते, चार वर्षं धूळ खात पडलीय, आवडच गेली. सुप्रीताने टॉर्च जरा खाली केला. फ्रेट आरशासारखे चकचकत होते. धूळ खाल्लेले फ्रेट काळे पडतात.

एका वळणावर सूर तुटला. त्यांनी तारा दाबणारा उजवा हात झटकला, पुन्हा तिथेच आले, पुन्हा तुटला. मग त्यांनी तो हात काखेत दाबून धरला.

"करंगळी आणि तिच्या शेजारचं," ते दाराकडे बघून हळूच म्हणाले. "मुंग्या येतात. मग कळतच नाही बोट तारेवर आहे की नाही. अण्णाला सांगू नका. मला कंटाळा आलाय असं त्याला वाटतंय ते बरंय."

"डॉक्टर?"

"झालं सगळं. घ्या, तुम्ही वाजवा. तुमची आहे आता."

सुप्रीताने गिटार घेतली. कोपराला काही लागलं नाही. मनगटात काही घुसलं नाही. मान तिच्या तळहातात अशी बसली की तिला एकदम भरून आलं. नऊ वर्षं तिने जे ओढलं होतं ते सगळं खाली ठेवल्यासारखं.

तिने आपला नेहमीचा तुकडा सुरू केला आणि सुरांचा चिखल झाला.

पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. पहिलं बोट जिथे बारीक तार शोधत होतं तिथे जाड होती. जाड तारेसाठी खाली जाणारा हात बारीक तारेवर उतरत होता. तारांचा क्रम उलटा असणार हे सुप्रीताला कागदावर ठाऊक होतं. चित्र काढून दाखवलं असतं. बोटांना ते कोणी कळवलं नव्हतं. ती उलट्या गिटारवर इतकी सरळ शिकली होती की सरळ गिटार तिला उलटी झाली होती. शाळेतल्या मुलीने पहिल्या दिवशी वाजवावा तसा साधा कॉर्डही लागेना.

"थंड आहेत हात?" भीमसेननी विचारलं.

तिने सांगितलं. भावाची गिटार, खाली जाड तार, नऊ वर्षं.

भीमसेन तारांकडे बघत म्हणाले, "मग हिच्याही तारा उलट्या लावा की."

दाराला कान लावूनच काम चालू असावं. "तारा बसायच्या खाचा एकेका तारेच्या जाडीने कापल्यात," अण्णा बाहेरून म्हणाले. "नव्या कापून देईन. अर्ध्या दिवसाचं काम. पण मग पोरी, तू घरी जे वाजवतेस तेच झालं. बटणं तेवढी सरकली."

"आणि नाही बदलल्या तर?"

"तर अ आ इ ई पासून. मीटर किती?"

"अठ्ठावन्न."

"दोघंही गप्प बसा."

ठोके पडत राहिले. सुप्रीता गिटार मांडीवर धरून बसली होती. उठून जायला जागा नव्हती. घरी गेली तर जुन्या गिटारवर तोच अडलेला आकडा. इथे तो आकडाही नाही. दोष गिटारीचा होता, एवढं एक तरी तिचं खात्रीचं होतं. तेही या अंधारात कुठेतरी पडलं होतं.

भीमसेन कुजबुजले, "नको असेल तर सांगा. संकोच करू नका. मी नेतो परत."

ते फार पटकन म्हणाले. टॉर्चच्या उजेडात त्यांचा डावा हात गिटारीच्या कडेवर येऊन थांबला होता. ओढत नव्हता, नुसता होता. तिने हो म्हटलं असतं तर दोघंही सुटले असते. ते ती गिटार घरी नेऊन मुंग्या येईपर्यंत वाजवत राहिले असते, आणि ती उलट्या तारांवर.

"घेते," सुप्रीता म्हणाली. "आहे तशीच."

त्यांनी हात काढून घेतला.

खिळी निघाली तेव्हा दार एका बाजूने कलंडलं आणि उजेडाची फट आत आली. अण्णांनी पहिल्यांदा मीटर पाहिला, मग माना, मग माणसं.

"साठ," ते म्हणाले. "बोलका आहेस तू, भीमसेन." मग त्यांनी शेडच्या उंबऱ्यावर नारळ फोडला, दोन्ही वाट्या पुढे केल्या आणि समोर दोन डावे हात आले. "सरी, बरं. दोघांनीही उजवा काढा. आज तरी."

भीमसेननी उजव्या हातात वाटी घेतली आणि लगेच डाव्यात दिली. अण्णांनी ते पाहिलं. त्यांनी भीमसेनच्या शर्टाला लागलेला भुसा तेवढा झटकला.

संध्याकाळी मल्लेश्वरमच्या घरी सुप्रीताने दोन्ही गिटारी पलंगावर ठेवल्या आणि मेट्रोनोम लावला. तिचा नियम जुना होता: तुकडा सलग तीनदा, एकही चूक न होता निघाला, तरच तो वेग धरायचा. भावाच्या गिटारवर तोच अडलेला एकशे चार.

मग तिने दुसरी घेतली. काटा खाली आणत गेली. ऐंशीला नाही, साठला नाही. आईने दारातून विचारलं, "बिघडलीय का ग?" तिने नकारार्थी मान हलवली आणि काटा आणखी खाली आणला.

तुकडा सलग तीनदा निघाला तेव्हा मेट्रोनोमवर अडतीस होते.