क्षणात निपटारा

रविवारी सकाळी धाकटी ओट्याशी भाजी चिरत होती आणि पुढच्या खोलीतून मोटरीचा आवाज येत नव्हता. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला एवढे कळून चुकले होते, की मोटर घुरघुरत असली की नवरा कामात असतो आणि मोटर गप्प झाली की तो मोबाइलमध्ये असतो.

नवरा कवळ्या बनवायचा. पुढच्या खोलीतच त्याचे बाकडे होते. जबड्यांचे पांढरे साचे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, प्लास्टर कालवायची रबरी वाटी आणि दातांना चकाकी आणणारी ती मोटर. हात असा, की त्याने केलेली कवळी तोंडात आहे हेच माणूस विसरून जाई. पण कालवलेले प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. धाकटीने डोकावून पाहिले, तेव्हा वाटीत दगड झाला होता, चमचा त्यात उभाच्या उभा रुतला होता आणि कवळीवाला भिंतीकडे तोंड करून बसला होता. मोबाइलमधून कुणीतरी धापा टाकत घोड्यांची नावे घेत होते.

"अहो, प्लास्टर गेलं."

"दुसरं कालवतो," तो मान न वळवता म्हणाला.

तेवढ्यात दार वाजले. पाळणाघरवाल्या मावशी आल्या होत्या. गल्लीतली निम्मी पोरे या मावशींच्या मांडीवर वाढलेली. या घरातले दोघे भाऊसुद्धा. जुनी कवळी तुटल्यापासून त्यांचे गाल आत गेले होते आणि हनुवटी नाकाला भेटायला निघाली होती. नव्या कवळीचे सगळे पैसे त्यांनी केव्हाच आगाऊ देऊन टाकले होते.

"माझे दात झाले का रे, बाळा?"

"पुढच्या आठवड्यात, मावशी. नक्की."

"घाई नाही हो. पाव दुधात भिजवला की उतरतो घशाखाली." त्या हसल्या आणि हसताना सवयीने तोंडावर पदर धरला. गोष्टी सांगून अख्ख्या गल्लीला हसवणारी बाई आता तोंड लपवून हसत होती.

त्या गेल्यावर धाकटीने फळी पाहिली. मावशींचा साचा तिथे नव्हताच. तोंडाचे माप घेतलेली ताटली तेवढी कोपऱ्यात पडली होती. माप वाळून आक्रसून गेले होते. त्यात आता कुणाचेच दात बसले नसते.

दुपारी थोरला भाऊ जेवायला आला. घरात आणि गल्लीत त्याला दादासाहेब म्हणत. शर्यतींवर पैजा घेणाऱ्या कंपनीत तो वरच्या हुद्द्यावर होता. मोठ्या वस्तीत त्याचे मोठे घर होते, तरी दर रविवारी तो आईच्या हातचे जेवायला येई. येताना फळांची पिशवी आणी, घराचे वीजबिलही तोच भरी. आईला त्याचे केवढे कौतुक. तो ताटावर बसला की ती पंखा त्याच्याकडे वळवायची.

"बाबांच्या वेळी काय होतं, आई? मैदानावर जायचं, खिडकीशी ताटकळायचं, घोडा जिंकला तर पुन्हा ताटकळायचं," दादासाहेब भात कालवत सांगत होता. "आम्ही सगळं बदललं. घोड्याचं नाक रेषेपलीकडे गेलं की हिशेब पुरा. आमचं ब्रीदच आहे, क्षणात निपटारा. लगेच पुढची शर्यत समोर हजर. इथलं मैदान झोपलं तर जगात कुठंतरी दुसरं जागं असतंच."

"भाऊजी, एक विचारू?" धाकटी वाढता वाढता थांबली. "सगळं क्षणात होतं, तर ह्यांनी जिंकलेले पैसे बँकेत यायला तीन दिवस का लागत होते?"

कवळीवाल्याचा घास तोंडातच राहिला. आदल्या आठवड्यात तो खरोखरच जिंकला होता. धाकटीने शेजारी बसून त्याला ते पैसे काढायला लावले होते. मोबाइलवर अक्षरे उमटली, 'तपासणी चालू आहे'. त्याखाली हिरवे बटण होते, 'पुन्हा खेळात घ्या'. पहिल्या दिवशी त्याने धीर धरला. दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना त्याने ते बटण दाबले. मग मात्र तपासणी-बिपासणी काही नाही. पैसे क्षणात खेळात आले आणि संध्याकाळच्या आत गेलेसुद्धा.

दादासाहेब हसला. "तपासणी कसली डोंबलाची. घरातली माणसं म्हणून सांगतो. त्या तीन दिवसांत दहातले सात जण बटण दाबतात. ते तीन दिवस म्हणजे ढिलाई नाही, तीच तर खुबी आहे. माझीच कल्पना." आणि त्याने ताट पुढे केले. "आई, थोडी भाजी वाढ."

त्याची ती भाताने माखलेली बोटे, त्याचे ते समाधानाने तृप्त झालेले तोंड तिला बघवेना. खिसे कापणारा निदान पाठीमागून तरी येतो.

"ह्यांचं खातं बंद करून टाका, भाऊजी. तुमच्या हातात आहे."

"सज्ञान माणूस आहे तो. मी कोण बंद करणार? आणि त्याला आवर घालायलाच तर तुला आणलीय ना घरात."

तो सहज बोलून गेला. आईची मान मात्र खाली गेली. धाकटीने सासूकडे पाहिले आणि तिला सगळे उमगले.

"आई, लग्नाआधी माहीत होतं तुम्हाला?"

"वाटलं, दोनाचे चार हात झाले की मार्गी लागेल," सासू पुटपुटली. "सगळेच असं करतात गं."

"म्हणजे मला सून म्हणून आणलंत की औषध म्हणून?"

दादासाहेब हात धुवायला उठला.

त्या दुपारी कवळीवाला खाली मान घालून बसून राहिला. काय वाटले कोणास ठाऊक, पण संध्याकाळी त्याने मोबाइलमधला तो खेळ पुसून टाकला आणि मावशींच्या घरी जाऊन नव्याने माप घेऊन आला. पुढचे काही दिवस त्या घराने सुखाचे पाहिले. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. संध्याकाळी ती जिन्यात आली की तिला मोटरीची घुरघुर ऐकू यायची आणि पाय हलके व्हायचे. मावशींची कवळी मेणात तयार झाली. मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायला मावशी आल्या, आरशापुढे उभ्या राहिल्या आणि पदर न धरता हसल्या. "अगं बाई, मीच की ही," म्हणाल्या. आता मेणाच्या जागी पक्का माल ओतायचा, घासायचा, की झाले.

आणि मग फोन आला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजात साखर घोळलेली. "सर, बरेच दिवस दिसला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते. आज पहिल्या तीन पैजा आमच्याकडून फुकट."

कवळीवाल्याने मोटर बंद केली.

फुकटच्या तीन पैजांनंतर पदरच्या पैजा सुरू झाल्या. बाकड्यावरचा माल गेला, हत्यारे गेली. एका संध्याकाळी धाकटी घरी आली, तर बाकड्यावर स्क्रूची भोके तेवढी उरली होती. मोटर विकली गेली होती. खिडकीतल्या उन्हाने मावशींची मेणाची कवळी वितळून वाकडी झाली होती, दात एकमेकांवर कलंडले होते. नवरा भिंतीकडे तोंड करून निजला होता. ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. आता खरे काय ते मावशींना सांगून टाकायचे, असे ठरवून ती तशीच त्यांच्या घराकडे निघाली.

दार मावशींच्या मुलीने उघडले. आतल्या खोलीत खाट रिकामी होती.

"आई परवा इस्पितळातच गेली. तिकडूनच नेलं, गल्लीत कळवायलाही सुचलं नाही," मुलगी म्हणाली. "ताप साधाच होता. पण डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलंच नव्हतं लढायला. किती महिने नुसतं दूध-पाव. मी म्हणायची, दुसरीकडे करून घेऊ. तर म्हणायची, असं कसं, माझं पोर करतंय ना."

धाकटीने, सांगायला आली होती ते, सांगून टाकले.

"निदान मेणाचे तरी द्यायचे होतेत," मुलगी शांतपणे म्हणाली. "शेवटच्या फोटोत आईचं तोंड आईचं वाटत नाही."

ती रागावली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब आला. मावशींचे ऐकून त्याला वाईट वाटले होते, ते खोटे नव्हते. त्याचे डोळे लाल होते. त्याने पैशांचे पाकीट टेबलावर ठेवले.

"हे मावशींच्या मुलीला नेऊन दे. त्यांचे होते त्याहून जास्तच आहेत. विषय मिटला."

"तो फोन कुणी केला, भाऊजी? हे सोडून बसले होते, तेव्हा?"

"आमच्याकडूनच. जे खेळायचे थांबतात त्यांची नावं यंत्र काढून देतं, मुली फोन करतात. त्याचं नावही निघालं असेल. यंत्राला काय कळतं?"

"यंत्राला नातं कळत नाही. तुम्हाला?"

दादासाहेबाने आईकडे पाहिले. आई नेहमी त्याची बाजू घ्यायची. पण आज आई उठली, तिने ते पाकीट उचलून त्याच्या हातात परत दिले.

"क्षणात निपटारा करायला आलास होय रे?" ती म्हणाली. "ज्या मांडीवर खेळलास तिलाही सोडलं नाहीत तुम्ही दोघांनी. एकाने खाल्लं, दुसऱ्याने वाढलं. आणि मी बसले पंखा फिरवत. धाकटीचं गुपचूप वाटोळं करणारी मीच पहिली. जा तू. भावाचं खातं बंद झाल्याशिवाय या घरात जेवायला येऊ नकोस."

"आई, वीजबिलापासून सगळं..."

"अंधारात बसू."

दादासाहेबाचा चेहरा उतरला. "तुला समजत नाहीये. एकाचं बंद केलं तर उद्या सगळ्यांच्या बायका दारात येऊन उभ्या राहतील."

"राहू देत की," धाकटी म्हणाली.

तिने चष्म्याच्या दुकानात रजा टाकली आणि सोमवारी कंपनीच्या काचेच्या इमारतीपुढच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. पहारेकऱ्याने कुणाकडे काम आहे म्हणून विचारले. ती म्हणाली, "ज्यांनी तीन दिवसांची खुबी काढली त्यांच्याकडे." तो पहिला दिवस तिने एकटीने काढला. येणारेजाणारे साहेबलोक तिच्याकडे न बघता आत जात होते.

दुसऱ्या दिवशी सासू येऊन शेजारी बसली. दुपारी एका बसचालकाची बायको थांबली, काय चाललेय ते विचारले आणि गेलीच नाही. मग कॉलेजातल्या मुलाची आई आली. आठवडा उलटेपर्यंत पायरी भरली. धुणीभांडी करणारी होती, बँकेत नोकरीला असलेली होती, आणि बायकोच्या पैजांच्या नादापायी उद्ध्वस्त झालेला एक शिंपीही होता. प्रत्येकाची गोष्ट निराळी, पण हिरवे बटण सगळ्यांचे तेच आणि साखर घोळलेला फोनही तोच. दादासाहेब मागच्या दाराने ये-जा करू लागला.

कवळीवाला आता दुसऱ्याच्या बाकड्यावर पगारी काम करू लागला होता. पगार धाकटीच्या हाती येत होता. तो सुधारला असे ती कुणाला सांगत नव्हती, विचारले तर म्हणे, "आजचा दिवस निभावला."

मग एके दिवशी आतून एक टापटीप अधिकारी बाहेर आला आणि त्याने अदबीने तिच्या हातात कागद ठेवला. तिच्या नवऱ्याचे खाते कायमचे बंद करण्यात आले होते. पुन्हा उघडता येणार नव्हते, पुन्हा फोन येणार नव्हता. धाकटीने कागद दोनदा वाचला. सासूने डोळ्यांना पदर लावला.

"तुमचं काम झालं, मॅडम," अधिकारी हळू आवाजात म्हणाला. "आता घरी जा. उगाच तमाशा कशाला?"

धाकटीने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"माझं झालं," ती म्हणाली. "ह्या सगळ्यांचं राहिलंय."

आणि ती जरा सरकून पुन्हा पायरीवर बसली. कडेवर मूल घेतलेली एक बाई मघापासून रस्त्यापलीकडे घुटमळत होती, तिला बसायला जागा हवी होती.