पाकिटातली कुमारी

त्या दिवशी मावशीने पाव दुधात बुडवून खाल्ला, रेडिओवरच्या गायिकेला नावं ठेवली आणि माझ्याकडून केस विंचरून घेतले. रोजच्यासारखाच दिवस. मी थकले होते. तिची आजारपणं काढता काढता माझंही वय झालं होतं.

दुपारी एक संग्राहक आला. पूर्वी सिगारेटच्या पाकिटांत नाटकातल्या नटींची छोटी चित्रं निघत, ती तो जमवायचा. मावशीचीच डझनभर चित्रं त्याने टेबलावर मांडली. हातात पंखा, कलती मान, खाली ‘कुमारी’ आणि तिचं रंगमंचावरचं नाव. मागे तंबाखूची जाहिरात.

“सगळी सारखीच की!” ती म्हणाली.

“नाही बाई, कडा बघा. हे खिशात मळलेलं, हे अगदी कोरं. याला भाव जास्त.”

“म्हणजे कुणाच्या खिशात होते त्यावर माझा भाव!”

तो ओशाळून हसला. माझ्याकडे वळून म्हणाला, “आपण यांच्या कोण?”

“भाची,” मी सवयीने म्हणाले.

ती माझी आई. मी बोबडं बोलत होते तेव्हा तिचं चित्र पाकिटात आलं. सिगारेट कंपनीने बजावलं, कुमारी म्हणजे कुमारी. मग ती माझी मावशी झाली. घरातसुद्धा, कारण पोर बाहेर बोलून जाईल. कंपनी बुडाली, नाटकं सुटली, बाबा गेले. शब्द अंगवळणी पडला तो पडलाच. पुढे बदलायची लाज वाटू लागली, दोघींनाही.

तो गेल्यावर ती म्हणाली, “छापताना दोन गोष्टी खोडल्या मेल्यांनी. माझ्या गालावरचा तीळ आणि तू.”

“तीळ आहे अजून जागेवर.”

“आणि तू?”

“मी कुठे जाणार? औषध घे आधी.”

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर येऊन, मान हलवून गेले. शेजारीण आली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“मावशी सुटल्या गं. पण भाची असून लेकीसारखं केलंस हो. सख्खी लेक काय करेल एवढं!”

मी पलंगाच्या कडेला बसले. तिच्या तोंडावर आलेले केस मागे सारले.

“आई,” मी म्हणाले. आवाज परका वाटला. शेजारणीचा हात थांबला. मग तिलाही नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी पुन्हा म्हणाले, “आई. अगं आई.”